गोव्यातलं कमी वाचलेलं, कमी ऐकलेलं: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आलाय: "मी मूळ पुण्याचा. नोकरीनिमित्त दोन वर्षं पर्वरीत राहतो. गोव्यावरच्या त्याच त्या याद्या वाचून कंटाळा आला. इथली पुस्तकं, चित्रपट, गाणी, मालिका, जमल्यास गेम्स, जे चांगलं आहे पण फारसं कुणाला ठाऊक नाही असं सुचवा. कोकणी नीट कळत नाही. आठवड्याला चार-पाच तास काढू शकतो."

वाचून हसू आलं, कारण हा प्रश्न मी सत्तावीस वर्षं टेबलाच्या अलीकडे बसून ऐकलाय. फोंडा तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. आता निवृत्त आहे, पण महिन्यातून एकदा तिथल्याच खोलीत ऐकण्या-बघण्याची बैठक भरवतो. पंधरा-वीस माणसं, एक प्रोजेक्टर, दोन बरे स्पीकर आणि शेवटी चहा-भजी. माझा अनुभव एवढाच, त्यामुळे पुढचं सगळं त्या मापानेच घ्या.

यादी तुम्हाला कुणीही देईल. माझ्याकडे यादी घेऊन गेलेल्या दहा जणांपैकी आठ जण पहिल्याच पुस्तकाला अडखळायचे आणि मग अख्खी यादीच खिशात विरून जायची. म्हणजे चांगलं काय आहे हे शोधणं तसं सोपं, आधी काय हातात घ्यायचं हे अवघड. आणि ते तुम्ही आजवर काय वाचलं-ऐकलं त्यावर ठरतं, जे तुम्ही लिहिलेलं नाही. नाट्यसंगीत ऐकत वाढलात की नाही? संथ सिनेमा झेपतो का? ओव्या वाचायची सवय आहे का? उत्तरं ठाऊक नसल्याने मी प्रत्येक ठिकाणी "हे आवडत असेल तर ते" अशी वाट दाखवतो. जी तुमची नाही ती खुशाल सोडून द्या.

गोव्यातल्या चांगल्या गोष्टी लपून का राहतात, ते आधी सांगतो. आमच्या वाचनालयात बा. भ. बोरकर दोन कपाटांत होते. मराठी बोरकर दाराजवळ, कोकणी बोरकर खिडकीखाली. दाराजवळून पुस्तक नेणारा माणूस खिडकीपर्यंत कधी गेला नाही आणि खिडकीवाला दारापाशी थांबला नाही. माणूस एकच, बोरी गावचा, 1910 साली जन्मलेला, आणि वाचक दोन, एकमेकांचं तोंड न बघणारे. 1967चा जनमत कौल (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही) आणि कोकणीला राजभाषा करणारा 1987चा कायदा यांच्या आगेमागे जे वाद झाले त्यांची ही कपाटं. त्यात रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी तिसऱ्या कपाटात, पोर्तुगीज चौथ्यात. त्या चौथ्याची किल्ली माझ्याकडे होती, पण मागणारा वर्षातून एखादाच. गाणारी माणसं तर बहुतेक मुंबईला गेली, त्यामुळे त्यांची कीर्तीही तिकडेच जमा झाली. म्हणून इथे शोधायची रीत सोपी आहे: जे तुम्हाला आधीच आवडतं, त्याच्या शेजारच्या कपाटात काय आहे ते बघा. एका वेळी एकच कपाट.

एक कडू गोष्टही सांगून टाकतो. धूळ बसलेलं सगळं सोनं नसतं. आमच्याकडे सत्तरच्या दशकातल्या कौटुंबिक कादंबऱ्यांची दोन खोकी होती. एका पावसाळ्यात मी त्या नेटाने वाचून काढल्या. त्यांची धूळ योग्यच होती.

आता पुस्तकं. कुणीही नवखा मराठी वाचक आला की मी आधी धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' काढून देत असे. 1924चं आत्मचरित्र आहे. दामोदर कोसंबींचे वडील आणि बौद्ध धर्माचे पंडित म्हणून नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पुस्तक फार थोड्यांनी उघडलेलं असतं. साखवाळ गावात नारळाची बागायत सांभाळणारा, शाळा धड न झालेला तरुण. 'बालबोधमेवा' या लहान मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचतो आणि त्याच्या डोक्यातून ते जात नाही. 1899च्या शेवटी घर सोडतो. पुण्यात संस्कृत, मग काशीला अन्नछत्रात जेवून अध्ययन, नेपाळ, पुढे श्रीलंका, ब्रह्मदेश. 1910मध्ये हाच माणूस हार्वर्डला पोचतो. हे सगळं त्याने अशा कोरड्या, निगर्वी मराठीत लिहिलंय की कुठेही टाळी मागितलेली नाही. मागे बायको आणि तान्ही मुलगी टाकून गेलो हेही तो लपवत नाही, आणि त्याची वकिलीही करत नाही. आमच्या एक निवृत्त परिचारिका होत्या. चार दिवसांत वाचून परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांच्या बायकोने काही लिहून ठेवलंय का? आता मला ते हवं." त्या प्रश्नाला माझ्याकडे पुस्तक नव्हतं.

'निवेदन' आवडलं तर राजाराम पैंगीणकरांचं 'मी कोण?' शोधा. काणकोणच्या पैंगीण गावचा हा माणूस देवळांशी बांधल्या गेलेल्या कलावंत समाजात जन्मला आणि पुढे त्याच समाजाच्या सुधारणेच्या कामाला लागला. हे पुस्तक दुकानात मिळण्याची आशा धरू नका, मोठ्या ग्रंथालयातच बघा. आणि त्याच्या जोडीला बोरकरांची 'भावीण' ही कादंबरी. बोरकर म्हटलं की लोकांना चांदणं, माड आणि समुद्र आठवतो, आणि कवितेत ते आहेच. पण देवळाच्या सेवेला वाहिलेल्या बाईचं आयुष्य गद्यात मांडणारे बोरकर वेगळे आहेत. कादंबरी म्हणून ती सगळीकडे सारखी जमलेली नाही, मधे मधे कवी फार बोलतो. तरी वाचा. कारण नंतर तुम्ही गोव्याच्या गायिका ऐकाल तेव्हा त्या कुठल्या घरांतून, काय ओलांडून आल्या हे तुम्हाला या दोन पुस्तकांनी आधीच सांगितलेलं असेल. आमच्या बैठकीत मी हा क्रम उलटा करून पाहिलाय. आधी गाणं, मग पुस्तक, असं केलं की गाणं नुसतं गोड लागतं.

कवितेचं मात्र पुस्तक सुचवत नाही, एक गाणं सुचवतो, जे तुम्ही ऐकलेलंच आहे: 'दिवे लागले रे'. दिवाळीच्या पहाटेच्या कार्यक्रमांत शंभरदा ऐकलं असेल. कवी कोण, असं विचारलं की नव्वद टक्के लोक थबकतात. शंकर रामाणी, गोव्याचे. मराठीतही लिहिलं आणि कोकणीतही, आणि कोकणी संग्रहाला 1996चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे पुन्हा तेच दोन कपाटांचं प्रकरण. त्या गाण्यातला अंधार लक्षात ठेवून त्यांचा 'कातरवेळ' किंवा 'पालाण' चाळा. दिवाळीचा म्हणून जो कवी वाटत होता तो प्रत्यक्षात फार एकाकी, आतल्या आत बोलणारा निघतो. रोज एक कविता, त्याहून जास्त नको.

कथा वाचत असाल तर लक्ष्मणराव सरदेसाई. सावई वेऱ्याचा हा लेखक मराठी लघुकथेत एके काळी मोठं नाव होतं, आज अभ्यासक्रमाबाहेर कुणी काढत नाही. 'कल्पवृक्षाच्या छायेत' मिळालं तर घ्या. काही कथा जुन्या वळणाच्या, शेवटाला जोर देणाऱ्या आहेत. पण पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातलं गाव, भाटकार म्हणजे जमीनदार, त्याचं कूळ, देवळाचा मानपान हे घरच्या माणसाने लिहिलेलं तिथेच मिळतं.

मोठी कादंबरी हवी असेल तर महाबळेश्वर सैल. 'तांडव' मराठीत आहे, सोळाव्या शतकातल्या धर्मांतराच्या काळावर. विषय असा की घरी दोन पाहुण्यांत भांडण लागावं. सैल मात्र बाजू घेऊन आरोळ्या ठोकत नाहीत. गाव कसं आतून उसवत जातं ते दाखवत राहतात. त्यांच्या कोकणी 'हावठण'ला 2016चा सरस्वती सन्मान मिळाला, ती कुंभारांची गोष्ट. सैलांचं नाव लक्षात ठेवा, सिनेमाच्या वेळी परत येणार आहे.

आता माझी चूक सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579मध्ये गोव्यात आला आणि त्याने मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' लिहिलं. 1616मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमी लिपीत. जवळजवळ अकरा हजार ओव्या. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी छापलेलं मराठी पुस्तक! मी त्याच्या इतका प्रेमात होतो की बँकेतून निवृत्त झालेल्या एका सद्गृहस्थांनी "काही तरी हटके द्या" म्हटल्याबरोबर तो ठोकळा त्यांच्या हातात ठेवला. दोन दिवसांनी ठोकळा परत आला, आणि ते गृहस्थही पुढचं वर्षभर दिसले नाहीत. पुस्तकात काही कमी नव्हतं. मी त्यांना दारातून आत न नेता भिंतीवरून उडी मारायला लावली होती. आता मी असं करतो: ज्ञानेश्वरी किंवा मुक्तेश्वर थोडंफार वाचलेला माणूस असेल तरच सुचवतो, आणि सुरुवातीचा मराठी भाषेच्या स्तुतीचा भाग मोठ्याने वाचायला सांगतो. डोळ्यांनी वाचलं तर शब्द अडतात, तोंडाने म्हटलं की ओवी आपोआप चालायला लागते. मग कानागावच्या लग्नाची कथा. तिथवर गोडी लागली तर पुढे, नाही तर पुस्तक मिटवा, पाप नाही लागत. देवनागरी आवृत्ती हवी, शांताराम बंडेलूंनी संपादित केलेली 1956ची बऱ्याच जुन्या ग्रंथालयांत असते.

आणि हे पुस्तक झाकलं का गेलं त्याचं कारणही लक्षात घ्या. भारतातला पहिला छापखाना 1556मध्ये गोव्यात आला, त्यावर इथल्या भाषेत पुस्तकं निघू लागली, आणि 1684मध्ये विसरेईच्या, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या फर्मानाने स्थानिक भाषा बोलण्यावरच गदा आली. लिपी रोमी, धर्म ख्रिस्ती, भाषा मराठी. अशा पुस्तकाला आपलं म्हणणारं कपाट कुठलं?

संगीतात तुमची वाट नाट्यगीताची असेल तर जितेंद्र अभिषेकी तुम्हाला ठाऊक आहेतच, 'मत्स्यगंधा', 'ययाति देवयानी', 'कट्यार' वगैरे. त्यांच्यापासून दोन पावलं मागे या. 'हरि भजनाविण काळ घालवू नको रे' त्यांच्या आवाजात ऐकलं असेल. ते शब्द सोहिरोबानाथ आंबियांचे, अठराव्या शतकातल्या पेडणे-बांदा भागातल्या संतकवीचे. महाराष्ट्रात संतांची नावं मोजताना हे नाव क्वचितच येतं. अभिषेकींकडून सोहिरोबांकडे जाणं ही मला माहीत असलेली सगळ्यात सुखाची वाट. गाणं आधीच ओळखीचं, शब्द फक्त पुन्हा वाचायचे.

ख्याल ऐकणारे असाल तर केसरबाई केरकर. व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत त्यांची भैरवी गेली, 1977च्या ऑगस्ट-सप्टेंबरात यानं सुटली आणि 16 सप्टेंबरला बाई गेल्या. ही गोष्ट आता सगळे सांगतात, आणि नेमकी इथेच लोकांची गाडी थांबते. ती भैरवी साडेतीन मिनिटांची आहे, सुंदरच आहे, पण केसरबाई म्हणजे काय हे कळायला त्यांचा नट कामोद ऐका, मग ललितागौरी. जुन्या तबकडीची खरखर पहिली दोन मिनिटं त्रास देते. आमच्या बैठकीत मी एक युक्ती करतो: तेच रेकॉर्डिंग लागोपाठ दोनदा लावतो. पहिल्यांदा लोक खरखर ऐकतात, दुसऱ्यांदा गाणं. हेडफोन टाळा, खोलीत स्पीकरवर लावा, खरखर निम्मी होते.

त्यानंतर मोगूबाई कुर्डीकर. किशोरीताई आमोणकरांच्या आई, एवढीच ओळख बहुतेकांकडे असते. त्यांचं कुर्डी गाव सांग्याच्या साळावली धरणात बुडालं आणि दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं. तेव्हा जुने गावकरी तिथे जमतात. तुम्ही पर्वरीहून जाऊ शकता, दीड-दोन तासांचा रस्ता. घरांचे चौथरे, वाळलेली खोडं, मधे देऊळ. गाडीत परतताना मोगूबाई ऐका. जाताना नको. (हा सल्ला देण्यामागे काही शास्त्र नाही, मी तसं केलं होतं आणि मला ते जन्मभर पुरलं.)

या सगळ्या कलाकारांची घरगुती, प्रेमाने लिहिलेली चित्रं हवी असतील तर गोपालकृष्ण भोबेंचं 'कलात्म गोमंतक'. भोबे तसे अल्पायुषी, 1968मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकातून खाप्रुमाम पर्वतकरांसारखी माणसं भेटतात, लयीवर असा ताबा की दोन हातांनी आणि पायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरत, असं जुने लोक सांगत आलेत. अंजनीबाई मालपेकरांचंही नाव लिहून ठेवा. चाळिशीच्या आसपास जाहीर गाणं सोडून शिकवत राहिल्या, कुमार गंधर्वांनी त्यांच्याकडे तालीम घेतली, आणि 1958मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

घुमट तर तुम्ही चतुर्थीला ऐकलाच असेल, पण आरतीच्या गोंधळात त्याच्याकडे लक्ष जात नाही. मातीचं मडकं, एका तोंडावर चामडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. 2019मध्ये राज्याने त्याला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. नुसतं वादन ऐकायचं तर सुवारी ऐका: घुमट, शामेळ नावाचं चर्मवाद्य आणि कांसाळं म्हणजे झांजा. मोबाइलवर ते अजिबात नीट ऐकू येत नाही, मडक्याचा घुमारा छातीत बसावा लागतो. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या दिवसांत किंवा एखाद्या देवळाच्या उत्सवात पुढे जाऊन उभे राहा.

चित्रपटांकडे येतो, आणि पुन्हा एक फजिती. 'पलतडचो मनीस' हा लक्ष्मीकांत शेटगावकरांचा 2009चा कोकणी चित्रपट, टोरांटोच्या महोत्सवात फिप्रेसी, म्हणजे चित्रपट समीक्षकांचा पुरस्कार मिळवलेला. कथा महाबळेश्वर सैलांच्या कादंबरीवरून. घाटातल्या जंगलात एकटा राहणारा वनरक्षक आणि त्याच्या आसऱ्याला आलेली, मनाचा तोल गेलेली एक बाई. गाव हे कसं बघतं, एवढीच गोष्ट. मी तो बैठकीत पहिल्याच महिन्यात लावला. वीस मिनिटांत निम्मी खोली रिकामी झाली, कारण लोक कोकणी म्हणजे विनोद अशा हिशेबाने आले होते. वर्षभराने परत लावला तेव्हा आधी सांगितलं की यातली बाई म्हणजे वीणा जामकर, मराठी सिनेमात तुम्ही पाहिलेली. आणि बोलणं कमी असल्याने भाषेची काळजी नको. तेव्हा कुणी हललं नाही. तुम्हाला मराठीतला संथ, जंगलातला, माणसांवर थांबणारा सिनेमा आवडत असेल तर हाच पहिला. नसेल तर नंतर.

पहिला म्हणून बहुतेकांना मी 'नाचुं-या कुंपासार' देतो. बार्द्रॉय बार्रेटोंचा, साठ-सत्तरच्या दशकातल्या गोवेकर वाजंत्र्यांवरचा. संगीतकार ख्रिस पेरींची गाणी, गायिका लोर्नाने अजरामर केलेली, एकामागून एक कथेत ओवलेली. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळात ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन कोण वाजवत होतं, स्वरलेखन कोण करत होतं, हा प्रश्न या चित्रपटानंतर डोक्यात शिरतो. अँथनी गोन्साल्विस हे नाव आपण गाण्यात गुणगुणतो. ते मजोर्ड्याच्या खऱ्याखुऱ्या व्हायोलिनवादकाचं होतं, प्यारेलालांच्या गुरूचं. एक पथ्य सांगतो: आधी लोर्नाची मूळ गाणी दोन-चार ऐका, मग चित्रपट बघा. ओळखीची चाल पडद्यावर आली की भाषा कळली नाही तरी चालतं.

हिंदीत 'त्रिकाल'. श्याम बेनेगलांचा 1985चा, आणि त्यांच्याच गाजलेल्या चित्रपटांच्या सावलीत राहिलेला. लोटलीच्या जुन्या वाड्यात घडतो, 1961च्या गोवामुक्तीच्या उंबरठ्यावर. मेणबत्त्यांच्या उजेडात अशोक मेहतांनी चित्रित केलेले प्रसंग मोठ्या पडद्यावर बघायला मिळाले तर नशीब. घरातली म्हातारी दोना मारिया मेलेल्या नवऱ्याला बोलवायला बसते आणि भलतीच भुतं येतात, पोर्तुगीजांविरुद्धच्या राण्यांच्या बंडातलीसुद्धा. गोव्याच्या श्रीमंत ख्रिस्ती घराच्या सालसपणाखाली काय पुरलंय, हे त्या एका युक्तीने दाखवलंय. तुम्ही 'निवेदन' आणि सरदेसाई वाचून मग हा पाहिलात तर पोर्तुगीज अमलाखालची दोन घरं शेजारी दिसतील.

रेमो फर्नांडिसचं सांगायचं तर 'गोवन क्रेझी', 1984, स्वतः घरी रेकॉर्ड केलेला संग्रह. हिंदी सिनेमातल्या त्याच्या गाण्यांपेक्षा मला हा जास्त जिवंत वाटतो.

मालिकांत मला मनापासून सुचवावं असं काही सापडलेलं नाही, आणि गेम्समधलं मला काही कळत नाही. त्यावर बोललो तर भाचा हसेल.

कोकणी कळत नाही म्हणालात, त्याबद्दल. तुम्हाला ती जितकी परकी वाटते तितकी नाही. सुरुवातीला अडवणारे शब्द थोडेच असतात: हांव म्हणजे मी, आसा म्हणजे आहे, फाल्यां म्हणजे उद्या, उलोवप म्हणजे बोलणं, वचप म्हणजे जाणं. आणि सगळ्यात फसवा जाय, ज्याचा अर्थ पाहिजे असा होतो. "म्हाका उदक जाय" म्हणजे मला पाणी हवं. आमच्याकडे आलेल्या एका नव्या शिक्षकांनी ते ऐकून पाणी कुठे चाललंय म्हणून नळाकडे पाहिलं होतं. एवढं हाताशी असलं की देवनागरी कोकणी दहा पानांत वाचता येते. तेव्हा मग पुंडलीक नायकांची 'अच्छेव' घ्या, 1977ची, खाणींनी गिळलेल्या गावाची कादंबरी, पानं थोडी. किंवा सत्तरी तालुक्यातल्या प्रकाश पर्येंकरांच्या कथा. 'वर्सल'ला 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पर्येंकरांच्या कोकणीत सत्तरीच्या रानातले शब्द येतात, तिथे आम्हीही अडतो, त्यामुळे लाजू नका.

रोमी कपाटात जायचं तर पुस्तकाने जाऊ नका, तियात्राने, म्हणजे कोकणी लोकनाट्याने जा. 1892च्या एप्रिलात मुंबईत पहिला तियात्र झाला, आणि आजही मडगावच्या रवींद्र भवनात रविवारी तिकीट काढून माणसं भरतात. पुण्याच्या नाटकाची शिस्त मनात धरून गेलात तर चिडाल. पडदा पडला की मधेच गायक येऊन कांतार, म्हणजे गाणं म्हणतो, त्याचा कथेशी काही संबंध नसतो, आणि त्यात सरकारपासून सासूपर्यंत कुणाचीही उतरवलेली असते. खरं तर लोक त्या कांतारांसाठीच येतात. शेजारी बसलेल्याला अर्थ विचारा, सगळे आनंदाने सांगतात, थोड्या मोठ्याच आवाजात.

तीन महिन्यांचा हिशोब मांडायचा तर माझा क्रम असा. पहिला महिना: 'निवेदन', रामाणींची रोज एक कविता, 'हरि भजनाविण', आणि लोर्ना ऐकून 'नाचुं-या कुंपासार'. दुसरा: 'मी कोण?' किंवा 'भावीण', मग केसरबाई आणि मोगूबाई, शेवटी 'त्रिकाल'. तिसरा: एक तियात्र, 'पलतडचो मनीस', आणि धीर असेल तर 'तांडव' किंवा 'अच्छेव'. 'क्रिस्तपुराण' यात मुद्दाम घातलेलं नाही. ते तुम्हाला स्वतःहून हवंसं वाटलं तरच.

मिळवायचं कुठे? पणजीत पाटोला कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मूळ 1832चं. पर्वरीहून पूल ओलांडला की आलंच. सभासद व्हा आणि थेट गोव्यावरच्या विभागात जा. मराठी, कोकणी, पोर्तुगीज तिथे जवळजवळ सापडतात, आमच्यासारखी खिडकी आणि दार इतकं लांब नाही. काउंटरवर लेखकाचं नाव सांगताना "मराठीही बघा, कोकणीही बघा" असं म्हणा, नाही तर एकाच बाजूचं शोधून नाही म्हणून सांगतील. जुनी, स्वामित्वहक्क संपलेली मराठी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेली असतात, 'निवेदन' तिथेही शोधून बघा. मडगावला गोमंत विद्या निकेतनातही एक फेरी मारा. कोकणी चित्रपट ऑनलाइन कधी असतात, कधी नसतात, त्यामुळे पणजीत किंवा मडगावात खेळ लागला की तो चुकवू नका.

आणि नाताळानंतरचा पहिला सोमवार मोकळा ठेवा. त्या रात्री शिवोलीत जागर, म्हणजे रात्रभराचं लोकनाट्य असतं, हिंदू आणि ख्रिस्ती दोघांचं मिळून. पर्वरीहून फार लांब नाही. उशिरापर्यंत चालतं, थंडी पडलेली असते, स्वेटर न्या, आणि गाडी जरा अलीकडेच लावून चालत जा.